उशाशी सीपॅप: स्लीप ॲप्नियाचं मशीन खान्देशातल्या घरात वर्षानुवर्षं कसं चालवायचं

"आबाले मशीन लागनं का?" जळगाव-धुळ्याकडच्या गावात एखाद्याच्या उशाशी नळी आणि मास्क दिसला की शेजारपाजारचे हमखास हेच विचारतात, आणि विचारताना आवाज आपोआप खाली जातो. मशीन लागलं म्हणजे माणूस गेल्यातच जमा, हे कोरोनाच्या काळात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. इकडे आबा पहाटे उठून, चहा घेऊन मळ्यात पोचलेलेही असतात.

तर आधी एवढं स्पष्ट करू. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार. त्यासाठी रात्री जे सीपॅप मशीन लावतात त्यात ऑक्सिजन नसतो. ते व्हेंटिलेटरही नाही. श्वास माणूस स्वतःच घेतो आणि स्वतःच सोडतो. मशीनच्या आत एक छोटा पंखा असतो. तो खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने नळीतून नाकात पाठवतो. मी स्वतः काही वर्षं हे लावून झोपतोय आणि माझं मत असं झालंय की यातलं विज्ञान सोपं आहे. अवघड आहे ते तेच मशीन पाच-दहा वर्षं, रोज रात्री, इथल्या उन्हाळ्यात, इथल्या लाईटीवर, क्षाराच्या पाण्यात आणि पाहुण्यांच्या गर्दीत चालू ठेवणं. लोक मशीन सोडतात ते बहुतेक वेळा अशा एखाद्या किरकोळ त्रासापायी, ज्यावर उपाय असतो पण तो कुणी सांगितलेला नसतो.

घशात नेमकं काय होतं

जागेपणी जीभ, टाळू, पडजीभ यांना आजूबाजूचे स्नायू सावरून धरतात. झोप लागली की ते सैल पडतात. सगळ्यांचेच पडतात. पण ज्यांच्या मानेभोवती चरबी जास्त, जबडा मागे गेलेला, टॉन्सिल मोठे किंवा घसाच मुळात अरुंद, त्यांच्या घशाच्या मऊ भिंती आत येऊन एकमेकींना चिकटतात. शेतात मोटारीला आपण घडी होणारा लपेटा पाईप जोडतो, तो आठवा. मोटर चालू आहे तोवर पाण्याच्या दाबाने पाईप टम्म गोल. मोटर बंद झाली की चपटा होऊन जमिनीला चिकटतो. सीपॅप घशात नेमकं हेच करतं, फक्त पाण्याऐवजी हवेने. दाब आहे तोवर वाट उघडी.

म्हणूनच 'किती महिने लावायचं?' या प्रश्नाचं उत्तर ऐकून लोकांचा चेहरा पडतो. मशीन आजार बरा करत नाही. त्या त्या रात्रीपुरता तो थांबवतं. चार दिवस लावलं नाही तर पाचव्या दिवशी माणूस पुन्हा दुपारी ओट्यावर बसल्याबसल्या पेंगायला लागतो. कारण मशीन काढलं की घसा त्याच रात्री पहिल्यासारखा वागायला लागतो.

हा दाब सेंटिमीटर पाणी या मापात मोजतात. मशीन साधारण ४ ते २० पर्यंत दाब देतं आणि बहुतेकांचं काम मधल्या कुठल्यातरी आकड्यावर भागतं. १० सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या वितीएवढ्या उंच पाण्याचा दाब. 'एवढी हवा रोज आत मारून फुप्फुसं फाटणार नाहीत का?' असं मला पारावर विचारणाऱ्यांना मी ही अर्धी वीत हाताने दाखवतो.

श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो एक ॲप्निया. पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन घसरला तर तोही मोजतात. असे प्रसंग तासाला किती, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसात ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळला जाणं, रात्रभर. दर वेळी ऑक्सिजन खाली जातो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, नाडी आणि रक्तदाब वर उसळतात, माणूस एक मोठा घुरका घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. आठ तास झोपलो, तरी अंग जड, डोकं दुखतंय, एवढंच तो सांगतो.

रात्री तीन-चारदा लघवीला उठणं हेही याचं लक्षण असू शकतं, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. बंद घशावर ओढून श्वास घेताना छातीत जो ताण येतो त्यामुळे हृदय एक संप्रेरक सोडतं आणि त्याने लघवी वाढते. शुगर तपासून होते, प्रोस्टेटची सोनोग्राफी होते, झोपेबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल तर डॉक्टरांना या दिशेने बघायला सांगायला हरकत नाही.

घोरणारा प्रत्येक जण मात्र ॲप्नियाचा पेशंट नसतो. फरक ओळखते ती शेजारी झोपणारी व्यक्ती. सलग एका सुरात घोरणं वेगळं. घोरता घोरता एकदम गप्प, मग काही सेकंद काहीच नाही, मग धडपडून घुरका, हे वेगळं. डॉक्टरकडे जाताना घरच्यांनी मोबाइलवर अशा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून न्यावा. पण निदान त्यावर होत नाही. त्याला स्लीप स्टडी लागते; ती दवाखान्यात रात्रभर झोपवून करतात किंवा बोटाला क्लिप, छातीला पट्टा आणि नाकाखाली बारीक नळी देऊन घरच्या पलंगावरही करतात. छातीचे डॉक्टर किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर ती लिहून देतात.

बायकांबद्दल एक वेगळं सांगायचंय. पाळी गेल्यानंतर त्यांच्यात हा आजार बराच वाढतो, पण त्यांची तक्रार बहुधा 'झोपच लागत नाही', 'थकवा आहे', 'डोकं दुखतं' अशी असते आणि ती वयावर, कामावर किंवा टेन्शनवर ढकलली जाते. शिवाय बाप घोरतो हे घरात हसत सांगतात, आई घोरते हे कुणी डॉक्टरसमोर बोलतच नाही. माझ्या पाहण्यात तरी मशीन लागलेल्या बायका कमी आहेत, आणि त्यांना आजार कमी असतो म्हणून त्या कमी आहेत असं मला वाटत नाही.

मशीन काय करतं, काय करत नाही

१९८० च्या आधी तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी नाकातून हवेचा दाब देण्याची युक्ती केली आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच पेशंटवरचा अनुभव छापला. आजची मशीन तीच कल्पना वापरतात, फक्त आवाज कमी झालाय आणि आत कॉम्प्युटर आलाय. ऑटो प्रकारचं मशीन श्वासाकडे लक्ष ठेवून गरजेप्रमाणे दाब वरखाली करतं. बायपॅपमध्ये श्वास घेताना एक दाब आणि सोडताना त्याहून कमी. ते ज्यांना लागतं त्यांनाच लागतं, जास्त महाग म्हणजे जास्त चांगलं असा हिशेब इथे नाही.

फायदा सगळ्यात आधी दिसतो तो दिवसा. पेंगणं जातं, चिडचिड कमी होते, घरातल्या दुसऱ्या माणसाला झोप मिळते. गाडी चालवणाऱ्यांसाठी हा मुद्दा जिवाचा आहे. रावेर-सावद्याची केळी घेऊन दिल्लीकडे रात्रंदिवस ट्रक धावतात, सुरत-नागपूर रस्त्यावर धुळे-जळगावच्या पट्ट्यात पहाटेची वर्दळ आपण बघतो. उपचार न घेतलेल्या ॲप्नियात गाडीवर डुलकी लागून अपघात होण्याचा धोका वाढतो हे अनेक अभ्यासांत दिसलंय, आणि मशीन नीट वापरलं की तो कमी होतो हेही.

हृदयाबाबत मात्र विक्रेते सांगतात तितकं चित्र गोड नाही. २०१६ मध्ये 'सेव्ह' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. सात देशांतले, त्यात भारतातलेही, २,७१७ पेशंट. सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. मशीनने हार्ट ॲटॅक, लकवा किंवा त्यातले मृत्यू कमी झाले नाहीत. पण त्याच अभ्यासात ते लोक मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावत होते. दिवसाची झोप, मनःस्थिती, कामाला येणं यांत सुधारणा तरीही दिसली. बीपीही मशीनने सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं, त्यामुळे गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. यातून मी घेतो ते इतकंच: दोन तास मास्क लावून 'मी वापरतो' म्हणण्यात अर्थ नाही. विमा कंपन्या बाहेरच्या देशात रात्री चार तास ही किमान रेघ धरतात. ती त्यांच्या हिशेबाची रेघ आहे. पहाटेच्या झोपेत ॲप्निया अनेकांना जास्त होतो, आणि नेमका तेव्हाच मास्क काढून ठेवलेला असतो.

मास्क

नव्वद टक्के भांडण मशीनशी नसून मास्कशी असतं (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, अभ्यासातला नाही). मास्क तीन प्रकारचे. फक्त नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणारा छोटा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला नाकाचा मास्क दिला की हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर; सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. अशा वेळी आधी नाक का बंद राहतं ते तपासून घ्यावं. पडदा वाकडा असेल, ॲलर्जी असेल तर त्यावर इलाज केला की पुष्कळदा छोटा मास्कही चालतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पट्टे कचकचून आवळणं. मास्कची सिलिकॉनची कड हवेने थोडी फुगून चेहऱ्यावर टेकायला हवी. आवळलं की ती दबते, कडेने हवा सुटते, सुटते म्हणून आणखी आवळतात, आणि चार दिवसांत नाकाच्या दांडीवर लाल चट्टा. मास्क बसवायचा तो पलंगावर आडवं होऊन, मशीन चालू करून. बसून बरोबर बसलेला मास्क आडवं झाल्यावर सरकतो, कारण गाल खाली ओघळतात. भरघोस मिशा असल्या तर हवा तिथूनच फुसफुसते. मिशी ज्याला प्रिय त्याने नाकपुड्यांचा छोटा मास्क मागून पाहावा; तो मिशीच्या वर बसतो.

दुसरी गोष्ट तेलाची. आपल्याकडे रात्री डोक्याला, तोंडाला खोबरेल लावून झोपायची सवय आहे. तेलाने सिलिकॉन गुळगुळीत होऊन मास्क घसरतो आणि काही महिन्यांत कड पिवळी, ढिली पडते. तेल सकाळी आंघोळीआधी लावा. झोपताना साध्या साबणाने तोंड धुऊन, कोरडं पुसून मास्क चढवा. रोज सकाळी मास्कची कड कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायची, सावलीत वाळवायची. उन्हात ठेवलं की सिलिकॉन कडक होतं.

सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटणाऱ्यांनी पहिले काही दिवस मास्क दिवसा, टीव्ही बघताना लावून बसावं. झोपायचं नाही, फक्त सवय करायची. मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू वाढतो आणि तोवर डोळा लागतो. पोटात हवा जाऊन फुगल्यासारखं होत असेल, ढेकर येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. दाबाच्या सेटिंगमध्ये थोडा बदल करून ते बऱ्याचदा थांबतं.

लाईट, पाणी, धूळ, ऊन

कंपनीची पुस्तिका ज्या घरासाठी लिहिलेली असते ते घर चोपडा किंवा साक्री तालुक्यातलं नसतं. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

पहिली भीती: झोपेत लाईट गेली तर? गुदमरून जीव जात नाही. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. होतं काय, तर घुसमटून जाग येते किंवा जाग न येता जुना आजार पुन्हा सुरू होतो. खरा तोटा त्या रात्रीच्या झोपेचा.

उपाय बहुतेक घरांत आधीच टांगलेला असतो: इन्व्हर्टर. पण वायरमनने इन्व्हर्टरची लाईन पंखा-दिव्यांनाच दिलेली असते, पलंगाजवळच्या प्लगला नाही. मशीन आलं की पहिलं काम म्हणजे वायरमनला बोलावून तो एक प्लग इन्व्हर्टरवर घ्यायचा. इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा असलेला बरा. पाणी तापवणारा भाग, म्हणजे हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरचा हीटर, बंद ठेवला तर मशीन छताच्या पंख्यापेक्षा कमी वीज खातं, त्यामुळे चांगल्या बॅटरीवर रात्र निघते. बॅटरी खाणारा तो हीटर आणि तापणारी नळी. लाईटचा भरवसा नसेल त्या दिवशी हे दोन्ही बंद ठेवून झोपा.

पाणी. ह्युमिडिफायरच्या डब्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने हंड्यावर जो पांढरा थर चढतो तोच आठवडाभरात डब्याच्या तळाला बसतो आणि मग हीटर नीट चालत नाही. हवेतून क्षार फुप्फुसात जात नाहीत, ते डब्यातच राहतात, पण डबा खराब होतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी असले तरी असतात. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं पाणी वापरू नका. ते श्वासासाठी तपासलेलं नसतं. मेडिकलवाल्याला सांगितलं तर तो डिस्टिल्ड वॉटर मागवून देतो. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून डबा वाळवायचा. काल रात्रीच्या पाण्यावर आज ताजं ओतायचं नाही. थर चढलाच तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भरपूर पाणी मिसळून त्यात डबा थोडा वेळ भिजवा आणि स्वच्छ धुवा.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा खाली उतरतो तेव्हा उलटा त्रास होतो: नळीतली गरम ओली हवा थंड होऊन आत पाण्याचे थेंब साचतात, गुळगुळ आवाज येतो, कधी नाकावर थेंब पडतो. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, ओलाव्याची सेटिंग कमी करा आणि नळी गोधडीच्या आतून घ्या. एवढ्याने बहुधा जातं.

धूळ म्हणाल तर कापसाच्या हंगामात, जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. मशीनमागचा फिल्टर पंधरा दिवसांनी काढून उजेडात धरून पाहा. करडा झाला असेल तर पुस्तिकेत काय लिहिलंय त्याची वाट न बघता बदला. पातळ कागदी फिल्टर धुवायचा नसतो. दिवसा मशीनवर स्वच्छ फडकं टाका आणि नळीचं तोंड उघडं ठेवू नका. झुरळांना अशी जागा फार आवडते.

आणि मे महिना. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास गेला की अर्धं गाव गच्चीवर झोपतं. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास दिलेली असते. बाहेरची हवा त्याहून गरम असली की मशीनमधून येणारी हवा आणखी गरम लागते. गच्चीवर मशीन न्यायला हरकत नाही, रात्री दहा-अकरानंतर हवा बरी होते. वायर चांगल्या जाडीची हवी, मशीन जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावं, आणि सकाळी ऊन चढायच्या आत ते खाली आणायचं. दुपारी बंद गाडीत तर कधीच ठेवू नये.

शेतकऱ्यांची अडचण वेगळीच. शेतीची थ्री-फेज लाईट रात्रीच्या पाळीत असली की माणूस दोन वाजता पाणी भरायला जातो आणि पाचला परत येतो. मशीन दोन्ही झोपांना लावायचं. आल्यावर 'आता तासाभरासाठी कशाला' म्हणून मास्क भिंतीला टांगलेला राहतो, तो तासच पहाटेचा असतो. दुपारच्या वामकुक्षीलाही तेच. घसा घड्याळ बघून बंद होत नाही.

पाहुणे आणि प्रवास

लग्नसराईत एका हॉलमध्ये तीस-चाळीस जण सतरंजीवर. मशीन बाहेर काढायची लाज वाटते, म्हणून दोन रात्री तशाच घालवतात आणि तिसऱ्या दिवशी वऱ्हाड घेऊन परतताना स्टेअरिंगवर तेच बसतात. माझा उपाय सरळ आहे: पोचल्या पोचल्या भिंतीजवळची, प्लगशेजारची जागा धरायची आणि मुलांना मास्क लावून दाखवायचा. मुलं दहा मिनिटं खिदळतात, मग त्यातला नवेपणा संपतो. मशीनचा आवाज घोरण्यापेक्षा कितीतरी कमी असतो हे बाकीच्यांनाही रात्री कळतं.

रेल्वेत रात्री डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद असू शकतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. रोज प्रवास असेल तर सीपॅपची वेगळी छोटी बॅटरी मिळते. प्रवासाला निघताना डब्यातलं पाणी रिकामं केल्याशिवाय मशीन बॅगेत घालू नका; पाणी मोटारीत शिरलं की दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. विमानात मशीन हातातल्या बॅगेत ठेवायचं.

कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी हर्नियाचं किंवा मोतीबिंदूचं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्निया आहे हे आधी सांगायचं आणि मशीन दवाखान्यात सोबत न्यायचं. भुलीची आणि दुखण्याची काही औषधं घसा आणखी सैल करतात. झोपेच्या गोळ्या आणि दारू हेही तेच करतात, म्हणून 'मशीनने झोप येत नाही' म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणणं धोक्याचं.

विकत घेताना, आणि नंतर

मशीन साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पुढे मिळतं, मास्क काही हजारांना. बहुतेक मेडिक्लेममध्ये घरी वापरायच्या मशीनचे पैसे मिळत नाहीत, तरी पॉलिसी वाचून घ्या. महिनाभर भाड्याने घेऊन बघणं शहाणपणाचं. नंदुरबार-नवापूरचे लोक सुरतला, रावेरकडचे बऱ्हाणपूर-इंदूरला जातात. कुठूनही घ्या, पण मास्क बदलून देणारा आणि फोन उचलणारा विक्रेता दोनशे किलोमीटरवरच्या स्वस्त दुकानापेक्षा बरा.

जुनं मशीन घेताना दोनदा विचार करा. कोरोनानंतर घरोघरी पडून असलेली बायपॅप विकायला निघाली. आतला दाब दुसऱ्याच्या आजारासाठी लावलेला असतो, मोटर किती तास चालली ते सांगता येत नाही. शिवाय जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो मशीन परत मागवली होती. आवाज कमी करायला आत लावलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत जाण्याची शक्यता दिसली होती. त्या काळातलं मशीन असेल तर मॉडेल आणि सीरियल नंबर तपासल्याशिवाय लावू नये. ओझोनने मशीन साफ करणाऱ्या पेट्याही टाळा. साबण-पाणी पुरतं.

मशीनच्या पडद्यावर रोज सकाळी तीन गोष्टी दिसतात: किती तास वापरलं, हवा किती गळाली, आणि मशीन लावूनही उरलेला एएचआय. शेवटचा आकडा ५ च्या खाली असावा. तो वर जात असेल तर आधी गळती बघा, मास्कची कड जुनी झालेली असते. गळती नसूनही आकडा वर राहत असेल तर स्वतः दाब वाढवू नका. काहींना मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम न येणारा वेगळा प्रकार असतो, त्यात दाब वाढवून भागत नाही. वर्षातून एकदा मशीनचं कार्ड किंवा ॲपमधला अहवाल डॉक्टरांना दाखवा, आणि वजन बरंच बदललं असेल तर मधेच दाखवा.

मशीन सुटतं का?

काहींचं सुटतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात वजन १० टक्के कमी झालं की एएचआय साधारण पाव हिश्शाने उतरतो असं दिसलं, आणि १० टक्के वाढलं की तो जवळपास तिसऱ्या हिश्शाने चढतो. नव्वद किलोच्या माणसाला नऊ किलो. हिवाळ्यात दर रविवारी मळ्यात भरीत पार्टी आणि वर तुपात बुडवलेली वरण-बट्टी असताना हे सोपं नाही, मला माहीत आहे. भरिताशी माझं वैर नाही. रात्री अकराला खाऊन साडेअकराला आडवं होण्याशी आहे.

सौम्य आणि मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारं दाताचं साधन चालू शकतं, ते दातांच्या डॉक्टरकडून मापाने करून घ्यावं लागतं. ज्यांचा श्वास फक्त उताणं झोपल्यावरच थांबतो त्यांना कुशीवर झोपण्याचाही उपयोग होतो. प्राणायाम जरूर करा, जीभ-घशाच्या व्यायामांनीही थोडा फरक पडल्याचं दिसलंय, पण तीव्र आजारात ते मशीनच्या जागी नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मंजूर केलं. यासाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं आहे, व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीवरून नाही.

वजन उतरलं आणि बरं वाटतंय म्हणून मशीन परस्पर माळ्यावर टाकू नका. बरं वाटतंय ते मशीनमुळेही असू शकतं. डॉक्टरांना विचारून, मशीन न लावता पुन्हा स्लीप स्टडी करा. आकडा ५ च्या खाली आला तर मशीन बंद करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. नाही आला तरी बहुतेकांना दाब आधीपेक्षा कमी पुरतो, आणि दाब कमी झाला की मास्कही कमी गळतो.